दारूचा वास, साखरेचा आकडा

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मधुमेह निघाला २०१९ च्या पावसाळ्यात. पायाला काजूच्या बागेतलं खुंट लागलं होतं, जखम भरेना, म्हणून रक्त तपासलं तर उपाशीपोटी २१२. खाजगी डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं, गोळी लिहून दिली आणि ती एकही दिवस चुकवू नका म्हणाले. पिता का, हेही विचारलं. हे म्हणाले, "कधीतरी." डॉक्टर म्हणाले, "बंद करा," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्या केसपेपरवर दारूबद्दल एक अक्षर नाही. मी नंतर मुद्दाम काढून बघितला.

गोळी यांनी खरोखरच कधी चुकवली नाही. चहातली साखर सोडली, चतुर्थीला मोदक हातात घेऊन परत ताटात ठेवला. "कधीतरी" मात्र रोज संध्याकाळी होती. एक क्वार्टर, आणि फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम असला की वर उराक. आमच्याकडे उराकाला कोणी दारूत धरत नाही. पहिल्या धारेचा, फेणीपेक्षा सौम्य, थंड असतो, पोटाला बरा, असं म्हणत जाणती माणसंसुद्धा बाटली रिकामी करतात.

आणखी एक गोष्ट होती, जी मला तेव्हा कळली नव्हती. सासूबाईंनाही मधुमेह, त्यामुळे घरात साखर मोजायचं यंत्र आहे. जास्त झालेल्या रात्रीनंतर हे सकाळी हौसेने बोट टोचून घ्यायचे आणि आकडा यायचा ८८, ९२. एरवी १५० च्या खाली कधी नाही. मग दिवसभर तो आकडा सगळ्या वाडीत फिरायचा. "बघा, ह्या औषध!" तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी त्याच वर्षी ८.६ आली होती, पण तिच्याकडे कोण बघतो. सकाळचे ते चांगले आकडे म्हणजे धोक्याची घंटा होती, हे मला ओरोसच्या, म्हणजे आमच्या सिंधुदुर्ग जिल्हा रुग्णालयातल्या, डॉक्टरांनी सांगितलं. ते पुढे येईलच.

१६ मार्च २०२५, रविवार. आमच्या वाडीचं रोंबाट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शिमग्यात ढोल-ताशे, सोंगं, चित्ररथ घेऊन अख्खी वाडी मांडावर, म्हणजे सणासाठी जमायच्या जागेवर, जाते ते रोंबाट. दुपारपासून हे ढोलाच्या मागे. संध्याकाळी घरी येऊन कपडे बदलले, रात्रीची गोळी न विसरता घेतली आणि "जेवण मागाहून" म्हणून गेले. मागाहून जेवण झालंच नाही. शेंगदाणे, चार भजी आणि उराक. वाडीच्या राखणदार देवाला दाखवलेल्या बाटलीतलं तीर्थही झालं. रात्री एकच्या सुमारास भावजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, आणून सोडलं. बोलत होते, चालत होते. मला म्हणाले, "गोळी घेतलंय मी," आणि झोपले.

पहाटे पाचला मी पाणी तापवायला उठले. रोज यांचं घोरणं पडवीपर्यंत ऐकू येतं, त्या दिवशी घर गप्प होतं. जवळ गेले तर सदरा घामाने पिळून निघावा इतका ओला, अंग गार, आणि हाक मारली की नुसतं "हं" करून मान वळवायचे. दोन-तीनदा हलवल्यावर तेही थांबलं. दारूचा वास तर खोलीभर होताच. सासूबाई म्हणाल्या, "निजांदे तेका. रात्रीची उतराक नाय." शेजारचे काका आले, त्यांनीही लिंबूपाणी सुचवलं. आमच्याकडे शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात असा एक माणूस झोपलेला असतो, त्यामुळे कोणाला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मला तो घाम पटत नव्हता. बोट टोचलं. ३१.

यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या बोटाला परत टोचलं. २९. साखर ७० च्या खाली गेली की कमी, ५४ च्या खाली गेली की गंभीर. हे आकडे सासूबाईंच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आरोग्यसेविकेने लिहून दिलेले होते, म्हणून मला ठाऊक. सासूबाई साखरेचं पाणी घेऊन आल्या, "तेच्या तोंडात घाल गो." शुद्धीत असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, हे बरोबरच आहे. पण ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. पेला बाजूला ठेवला, यांना कुशीवर वळवलं आणि १०८ ला फोन लावला. पाच वाजून दहा मिनिटं.

१०८ वाल्यांना वाडीचं नाव सांगून भागत नाही. जवळची शाळा, देऊळ, डांबरी रस्ता कुठे संपतो ते विचारतात. पुतण्याला बॅटरी देऊन तिठ्यावर उभं केलं, नाहीतर आमची पाणंद अंधारात सापडत नाही. गाडी पावणेसहाला आली. गाडीत डॉक्टर असतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी आधी विचारलं, "गोळी कोणती?" मी गोळ्यांची पाकिटंच पुढे केली. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "ग्लिमेपिराइड आहे यात." आम्ही सहा वर्षं जिला साखरेची एक गोळी समजत होतो, तिच्यात दोन औषधं होती: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. तुमच्या घरातलं पाकीट आता काढून बघा. बऱ्याच जणांना अशी जोडगोळीच चालू असते.

शिरेतून ग्लुकोज गेलं आणि गाडी तिठा ओलांडायच्या आत यांनी डोळे उघडले. "माका काय झाला?" दहा मिनिटांपूर्वी मेल्यासारखा पडलेला माणूस उठून बसायला बघतो आणि घरी चला म्हणतो. मला हसावं की रडावं कळेना.

जवळच्या सरकारी दवाखान्यात साडेसहाला पोहोचलो. साखर १६८. भावजी म्हणाले, झालं, आता घरी नेऊया, नऊ वाजता मांडावर उरलेला कार्यक्रम आहे. रात्रपाळी करून थकलेले डॉक्टर नाही म्हणाले. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो. बाहेरून दिलेली साखर संपते, गोळी मात्र इन्सुलिन पिळून काढतच राहते. तासातासाने टोचायचं ठरलं. नऊ वाजता ५४. बोलणं परत जड, हात थरथरायला लागले. दुसऱ्यांदा ग्लुकोज, मग सलाईन चालू ठेवून जिल्हा रुग्णालयात न्यायचा निर्णय झाला. घरी नेलं असतं तर नऊ वाजता हे मांडावर असते, आणि तिथे डुलणाऱ्या माणसाकडे कोणी बघितलं असतं?

तिथल्या कागदाची गोष्ट सांगते. पाठवणीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, दारूच्या नशेत बेशुद्ध. एवढंच. मी डॉक्टरांना म्हटलं, साखर ३१ होती आणि इथे परत ५४ झाली, ते लिहा. त्यांना आवडलं नाही, पण लिहिलं. मी काजू कारखान्यात हिशेब लिहिते, कागदावर नसलेली गोष्ट झालेलीच नसते हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. ओरोसला पोहोचल्यावर कक्षातल्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचली आणि पहिला प्रश्न त्याच ओळीवर विचारला. नुसती "नशेत" वाचून आमचा नंबर कुठे लागला असता, कोण जाणे.

पैशांचं म्हणाल तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. आधार कार्ड लागलं. फोनवर आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य-खात्याचा क्रमांक, असेल तर नोंदणी खिडकीवर क्यूआर कोड लावून लवकर होते. आमचा नव्हता, तो भावजींनी रांगेत उभं राहून काढला. खर्च झाला तो बाहेरचा: स्वादुपिंडाची लायपेज तपासणी आणि सोनोग्राफी बाहेरून केली ती मिळून एकोणीसशे, माझं आणि सासूबाईंचं येणं-जाणं, आणि माझी बुडालेली हजेरी. यांना भरती केलं तो काजू बी गोळा करायचा ऐन काळ, बागेत गडी लावावा लागला.

दुपारी मोठे डॉक्टर आले. त्यांनी यांना विचारलं, "रोज किती?" हे म्हणाले, "मी खय रोज पितंय?" मी पदर तोंडाशी धरून बसले होते. बोलायचं ठरवलं आणि सांगितलं. रोज क्वार्टर, किती वर्षं, हंगामात वर किती, काल काय काय, जेवण नाही, गोळी घेतलेली. यांनी माझ्याकडे असं बघितलं की ते मला अजून आठवतं. रात्री म्हणाले, "डॉक्टरांका कित्याक सांगलंस?" तेव्हापासून चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

डॉक्टरांनी रागावणं वगैरे काही केलं नाही. त्यांनी आकडेमोड केली. क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. दहा ग्रॅमचं एक माप धरलं तर रोज सहा मापं. मग यकृताचं समजावलं. आपण झोपतो तेव्हा रात्रभर रक्तात साखर पुरवायचं काम यकृत करतं, थोडी साठवणीतली काढून आणि थोडी नवी बनवून. दारू आली की यकृत आधी दारूचा निकाल लावत बसतं आणि नवी साखर बनवणं थांबतं. पोटात जेवण नसेल तर साठवणही लवकर संपते. त्यात ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनसारखं साखर खाली ओढणारं औषध चालू असेल तर धरायला काही उरत नाही. हे पिताना होत नाही, काही तासांनी होतं, बहुतेक पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. मी त्यांना त्या ८८ आणि ९२ आकड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं ते कड्याच्या टोकावरून चालत होते आणि त्यालाच औषध म्हणत होते." हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

मेटफॉर्मिनचं वेगळं. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी पडत नाही, पण खूप दारू आणि मेटफॉर्मिन एकत्र झालं, त्यात यकृत किंवा मूत्रपिंड कुरकुरत असलं, तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचू शकतं. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. उलट्या, पोटात दुखणं, दम लागल्यासारखा खोल भराभर श्वास, गळून जाणं. पिणाऱ्या घरात ही सगळी लक्षणं "चढली" किंवा "पित्त झालं" या दोन खात्यांत जमा होतात. म्हणून पहिल्याच दिवशी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनीन, यकृताच्या तपासण्या, लायपेज सगळं झालं. लायपेज ठीक. यकृतावर चरबी, यकृताच्या तपासणीतलं एसजीओटी वाढलेलं. क्रिएटिनीन किंचित जास्त, ते सलाईननंतर उतरलं.

संध्याकाळी सात वाजता परत घाम, परत थरथर. सिस्टरने टोचलं, ६१. ग्लुकोज वाढवलं. १८ तारखेला सकाळी पहिल्यांदा साखर न देताही १२० वर टिकली आणि मी निश्चिंत होऊन कँटीनमध्ये जेवून आले. येते तर हे चादरीवरून काहीतरी झटकत होते. "मुंग्यो." चादर स्वच्छ होती. घाम, थरथर, छातीत धडधड, सगळं कालच्यासारखंच. मी धावत सिस्टरकडे, साखर पडली म्हणून. टोचलं तर १७४.

हा दारू तोडल्याचा त्रास होता. रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, भ्रम, ताप असा गंभीर प्रकार होऊ शकतो. घाम तोच, थरथर तीच, पण एकावर उपाय साखर आणि दुसऱ्यावर उपाय वेगळाच. बोट टोचल्याशिवाय डॉक्टरलाही वरून सांगता येत नाही, तर आपल्याला कुठून कळणार. क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज थोड्या कमी करत नेलेल्या. बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची इंजेक्शनं तर आल्यापासून ग्लुकोजबरोबर चालूच होती. पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी असतं आणि त्याशिवाय नुसतं ग्लुकोज देत राहिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, असं सिस्टरने सांगितलं. तुमचा माणूस पिणारा आहे हे लपवलं तर ते इंजेक्शन कोण देणार?

१९ ची रात्र वाईट गेली. हे मला ओळखत होते पण आपण मुंबईच्या गिरणगावातल्या खोलीत आहोत असं समजत होते, जिथे ते लहानपणी राहिले. मध्येच ढोलाचा ठेका धरायचे. समोरच्या पलंगावरचे आजोबा हसायचे. मीही एकदा हसले. पहाटे झोप लागली. २१ पासून माणूस जागेवर आला, पेज मागितली, आणि मला म्हणाले, "तू जेवलंस?" अबोला तिथे संपला.

घरी "उद्यापासून बंद" म्हणून दारू एकदम तोडायला लावणाऱ्या बायकांना आणि आयांना माझं एवढंच सांगणं आहे, रोज पिणाऱ्याची ती डॉक्टरला विचारून सोडवा.

२४ मार्चला, सोमवारी, घरी सोडलं. ग्लिमेपिराइड बंद. मेटफॉर्मिन तपासण्या सुधारेपर्यंत बंद. लिनाग्लिप्टिन नावाची, एकटी सहसा साखर पाडत नाही अशी गोळी सुरू, लायपेज ठीक आल्यामुळेच. कारण पिणाऱ्यांत स्वादुपिंडाला सूज यायचा धोका आधीच असतो आणि ही गोळी त्या बाबतीत जपून देतात. मी भावजींच्या गोळीबद्दल विचारलं, त्यांना डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. डॉक्टर म्हणाले, ती लघवीतून साखर काढते, चांगली गोळी आहे, पण खूप पिणाऱ्या आणि उपाशी राहणाऱ्याला तीही धोक्याची. रक्तात कीटोन आम्ल वाढू शकतं, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेलाही नसतो, त्यामुळे यंत्रावर भरवसा ठेवून माणूस फसतो. ही नावं वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बदलू नका. यांना जे दिलं ते यांच्या तपासण्या बघून दिलंय. पण कोणती गोळी चालू आहे आणि आपण किती पितो, या दोन गोष्टी एकाच डॉक्टरला एकाच वेळी माहीत असाव्यात. सहा वर्षं आमच्याकडे तेवढंच झालं नव्हतं. "बंद करा" म्हटल्यावर माणूस बंद करेलच असं धरून गोळी लिहायची, हा कसला हिशेब, असं मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं.

घरी आल्यावर साखर वाढली. सकाळी १९०, २१०. नातेवाईक हवालदिल, जुनी गोळीच बरी होती म्हणायला लागले. फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, काही आठवडे २०० चालेल, ३१ चालणार नाही.

याच काळात मोठ्या वहिनींनी एका ठिकाणची पुडी आणून दिली. "नकळत दारू सोडवा" अशी पाटी एसटीच्या रस्त्यावर तुम्हीही बघितली असेल. आमटीत घालायची. त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नव्हतं. मनोविकार विभागाच्या डॉक्टरांना दाखवली. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय-यकृत बघून आणि मधुमेहात तर फारच जपून देतात. नकळत दिलं आणि वर तो प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. पुडी तिथेच कचऱ्यात गेली. वहिनी अजून रुसलेल्या आहेत.

पुण्याच्या मुक्तांगणचं नाव डॉक्टरांनी काढलं. १९८६ पासूनचं व्यसनमुक्ती केंद्र, तिथे राहून उपचार घेतात. हंगाम सोडून पुण्याला जायला हे तयार झाले नाहीत. मग ओरोसला दर पंधरवड्याला समुपदेशन आणि तालुक्याच्या गावी अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची बैठक. पहिल्या बैठकीला हे बाहेर गाडीवरच बसून राहिले. दुसऱ्या वेळी आत गेले, कारण पाऊस आला. रात्री-अपरात्री बोलायला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याचा, मोफत क्रमांक आहे. मी दुसऱ्यावर एकदा स्वतःसाठी फोन केला. मराठीत बोलतात, घाई करत नाहीत.

मे महिन्यात एका लग्नात यांनी घेतली. आल्या आल्या सांगितलं, हे नवीन होतं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की अजिबात न घेणं हेच उत्तम, पण घेतली गेलीच तर लपवू नका. जेवल्याशिवाय झोपायचं नाही, झोपण्यापूर्वी आणि पहाटे तीनला टोचायचं, आणि घरातल्या एकाला तरी माहीत असायला हवं. भात, डाळ, बांगडा असं नीट जेवण. नुसत्या शेंगदाण्यांवर भागत नाही. मी तीनचा गजर लावला. ११६. कुरकुर करत बोट पुढे केलं आणि परत झोपले. पुढच्या भेटीला डॉक्टरांना यांनीच सांगितलं, मी बाहेर बसले होते.

टोचायच्या पट्ट्या महाग पडतात. पन्नासची डबी आमच्याकडे आठशे-नऊशेला मिळते, यंत्रापेक्षा पट्ट्यांवरच पैसे जातात. नवीन यंत्र घेणार असाल तर आधी त्याच्या पट्ट्या तुमच्या बाजारात मिळतात का ते विचारा आणि डबीवरची तारीख बघा. आमच्या दमट हवेत डबी उघडी राहिली की पट्ट्या खराब होतात, झाकण लगेच लावायचं. यांच्या पाकिटात एक चिठ्ठी आहे: मधुमेह आहे, गोळीचं नाव, माझा नंबर, आणि "दारूचा वास आला तरी आधी साखर तपासा." शेवटचं वाक्य यांनी स्वतः घातलं, मी घातलं असतं तर फाडून टाकलं असतं.

जूनमध्ये यकृताच्या तपासण्या सुधारल्या, मेटफॉर्मिन परत सुरू झालं, कमी मात्रेत. सप्टेंबरची एचबीए१सी ७.४. २७ ऑगस्टला गणपती आले, भजनाच्या रात्री मागच्या पडवीत बाटली होतीच, ती आमच्या घरातून कायमची जाईल असं मी म्हणत नाही. हे पुढच्या पडवीत टाळ वाजवत होते. विसर्जनाच्या दिवशी एकदा मागे जाऊन आले आणि मला येऊन सांगितलं, नुसतं बघून आलो. खरं की खोटं ते पहाटे कळेल म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

आता भावजींचं चाललंय. तेही पितात, शिवाय वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवण सोडलंय, आणि डापाग्लिफ्लोझिन चालूच आहे. चार महिने मागे लागल्यावर १० नोव्हेंबरला, सोमवारी, ओरोसला यायला कबूल झालेत. रांग लवकर लागते म्हणून पहिल्या एसटीने निघायचं. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून ठेवलीत, आणि डॉक्टरांसमोर "कधीतरी" म्हणालात तर मी शेजारीच बसलेली असेन, हेही त्यांना सांगून ठेवलंय.